‘बघू’ म्हणण्यापूर्वी



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी तरुण सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला मुलाखतीसाठी जातात. त्यांच्या हातात प्रमाणपत्रांची फाईल असते. पण एखादा असाही असतो, की जो डोक्यात केवळ एक कल्पना घेऊन गाडीत बसतो. त्याला एखादा उद्योग काढायचा असतो, एखादे यंत्र बनवायचे असते किंवा एखादा लघुपट करायचा असतो. अनोळखी शहरात, अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून, अजून अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीसाठी त्याला मदत मागायची असते. दाखवायला हाती काहीच नाही! अशा माणसाचे ऐकून घेणाऱ्यावर काही नैतिक बंधन असते का? की ऐकणे ही केवळ मेहेरबानी आहे? या प्रश्नावर आज आपण थोडे चिंतन करू या.

उदाहरणासाठी फार दूर जायला नको. नाशिक रोडपासून चाळीसएक किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांना सारेच ओळखतात. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही आहे. मुंबईत गिरगावातील एका तंबूत त्यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहिला आणि त्यांचे आयुष्य बदलले, ही गोष्ट आपण ख्रिस्ती मंडळी जरा अभिमानाने सांगतो. त्यात अभिमान वाटण्यासारखे आपण काही केले आहे असे नाही. पडद्यावर प्रभू येशूचे जीवन चालले असता फाळके यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण आणि गोकुळ-अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. एका समाजाची भक्ती पाहून दुसऱ्याला आपल्या भक्तीची आठवण व्हावी, हे आम्हांला फार सुंदर वाटते.

पण आजचा आपला विषय त्यानंतरचा आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. वय एक्केचाळीस. छापखान्याच्या धंद्यातून भागीदाराशी मतभेद होऊन बाहेर पडलेले. चित्रपटाचा अभ्यास करता करता डोळ्यांवर इतका ताण पडलेला की काही काळ दृष्टीच अधू झाली होती. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून प्रवासाचे पैसे उभे केलेले. त्या अफाट शहरात पिकॅडिली सर्कसजवळ त्यांना ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी दिसली. मुंबईत ते त्या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. एवढाच काय तो धागा! त्या धाग्याला धरून ते आत गेले आणि संपादक केबर्न यांना आपला मनसुबा सांगितला.

केबर्न यांनी काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. प्रथम त्यांनी या माणसाला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. इथे इंग्लंडमध्येच चित्रपट काढणाऱ्यांची धडगत नाही, शिवाय हिंदुस्थानची हवा या कामाला मानवणारी नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि एवढे सांगून झाल्यावर, समोरच्याची कळकळ पाहून, त्यांनी त्यांची गाठ वॉल्टन येथील स्टुडिओचे मालक सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला सारा स्टुडिओ फाळके यांना दाखवला. त्या दोघांच्या सल्ल्याने फाळके यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मची आणि तिला भोके पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि ते मायदेशी परतले.

आपण असे वागतो का? आपल्या मराठीत एक फार सोयीचा शब्द आहे, ‘बघू’. दारी आलेल्याला नकार द्यायचा नाही, कारण तो वाईट दिसतो. आणि होकारही द्यायचा नाही, कारण तो महाग पडतो. म्हणून ‘बघू’. त्याला चहा पाजायचा, ‘छान आहे हो कल्पना’ म्हणायचे आणि ‘कळवतो’ म्हणून निरोप द्यायचा. बिचारा महिनाभर फोनकडे डोळे लावून बसतो. आम्हांला विचाराल तर ही सौजन्याच्या वेषातली लबाडी आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि चांगल्या हेतूने बोललेल्या खोट्यालाही त्यांनी सूट दिली नाही. ते कडक वाटतात खरे. पण ‘बघू’ ऐकून परतलेल्या माणसाचा वाया गेलेला महिना मोजला, की ते तितके कडक वाटत नाहीत. केबर्न यांनी वाईट वाटेल असे खरे सांगितले आणि दारही उघडे ठेवले. आपण बहुधा यांतले एकच करतो, आणि पुष्कळदा एकही नाही.

मात्र यात एक खरी अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. ऐकणारा म्हणेल, ‘फादर, पुराव्याशिवाय विश्वास कसा ठेवायचा?’ दामदुप्पट पैशांच्या योजना सांगणारेही असेच कळकळीने बोलतात. त्यांच्यापायी लोकांची आयुष्यभराची पुंजी बुडालेली आहे. मग फाळके आणि भामटा यांत फरक कसा करायचा?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटल आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांची ‘शक्यता आणि वास्तव’ ही जोडी आम्ही घोकली होती. बी म्हणजे झाड नव्हे. पण बी म्हणजे खडाही नव्हे. झाड होण्याची शक्यता बियात खरोखरच असते. मात्र ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गंमत अशी, की फाळके यांनी नेमका हाच धडा कॅमेऱ्याने गिरवला. लंडनहून परतल्यावर चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि सावकाराला शब्दांनी पटेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोखून ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत रोपाची सारी वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ ही ती चिमुकली फिल्म पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. जे डोळ्यांना दिसत नव्हते ते दिसले! पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

पुरावा मागितला म्हणून नाडकर्णी यांना आम्ही दोष देणार नाही. मागणाऱ्याने आधी स्वतः काय शिकून घेतले, स्वतःचे काय पणाला लावले, आणि अडचणी विचारल्या असता तो चिडतो की नोंदवून घेतो, हे जरूर पाहावे. भामट्याला प्रश्न आवडत नाहीत. पण हे पाहण्यासाठी आधी ऐकावे तर लागते. फ्रेंच कॅथॉलिक विचारवंत गाब्रिएल मार्सेल यांनी ‘उपलब्ध असणे’ या गोष्टीवर पुष्कळ विचार केला. समोर बसलेला माणूस शरीराने हजर असूनही आपल्याला मुळीच उपलब्ध नसतो, हा अनुभव सरकारी खिडकीपासून घरच्या जेवणाच्या टेबलापर्यंत सर्वत्र येतो. (चर्चच्या कचेरीतही येत असेल, तर सांगावे.)

१९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले, ते नाशिकमध्ये केलेले काम बरोबर घेऊन. आता त्यांना बोलावे लागले नाही, चित्रपटच बोलले. तिथेच राहून काम करण्याचे आमंत्रण मिळाले, ते त्यांनी नाकारले. मग महायुद्ध पेटले, भांडवलदारांनी हात आखडता घेतला आणि पुन्हा मागण्याची पाळी आली, यावेळी ओळखीच्या लोकांकडे. अनोळखी गावात मागण्यापेक्षा हे सोपे असेल, असे कोणाला वाटत असेल तर त्याने कधी नातेवाइकाकडे उसने मागितलेले नाही!

आता ज्या व्यक्तीबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो तिच्याविषयी. केबर्न आणि हेपवर्थ यांना मदतीचा खर्च फारसा आला नाही. थोडा वेळ गेला, इतकेच. नाडकर्णी यांनी व्यवहार म्हणून कर्ज दिले. पण गहाण पडलेली ती आयुर्विम्याची पॉलिसी कोणाची होती? नाव फाळके यांचे असेल. पण तिचा उपयोग त्यांच्या मागे पत्नीला आणि मुलांना व्हायचा होता. म्हणजे लंडनचा प्रवास खऱ्या अर्थाने सरस्वतीबाईंच्या ठेवीवर झाला. पुढे त्यांचे दागिनेही या कामी आले. त्यांनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोके पाडली, रसायने कालवली. त्यांनी हे सारे मनापासून केले असे सांगतात आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे आम्हांला कारण नाही. तरीसुद्धा न्यायाच्या दृष्टीने प्रश्न उरतोच. केबर्न ‘नाही’ म्हणू शकत होते, नाडकर्णीही म्हणू शकत होते. १९१२ सालच्या घरात सरस्वतीबाईंना ते म्हणता आले असते का? आणि जिला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही तिच्या ‘हो’ला आपण संमती म्हणावे का?

धंद्यासाठी घर गहाण टाकण्याचा विचार घेऊन जोडपी आमच्याकडे सल्ल्याला येतात. बोलतो नवरा. आकडे त्यालाच पाठ असतात. त्याचे सांगून झाले की आम्ही पत्नीला विचारतो, ‘तुमचे काय म्हणणे आहे?’ बहुतेक वेळा ती आधी त्याच्याकडे पाहते. मग आम्ही त्याला जरा बाहेर बाकावर बसायला सांगतो.