सुंदर होण्याची सक्ती
एस्प्लनेडच्या चौकात, पूर्वीच्या व्हाइटवे-लेडलॉ दुकानाच्या इमारतीखाली उभे राहिले, की एकासारखा दुसरा चेहरा आढळत नाही. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या २००५ सालच्या ‘अग्लीज’ या किशोरांच्या कादंबरीत मात्र सोळाव्या वर्षी शस्त्रक्रियेने सर्वांस ‘सुंदर’ केले जाते. त्याच वेळी मेंदूही गुपचूप बोथट केला जातो. सत्तेची ही सक्ती वाचून आपण शहारतो. पण ‘वधू पाहिजे’च्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द कोणत्या सरकारने घातला? १९७५ साली बाजारात आलेल्या क्रीमने २०२० साली नावातले ‘फेअर’ तेवढे गाळले, क्रीम राहिलेच. हुकूम सोडणारा समोर असता, तर त्याच्याशी भांडता तरी आले असते. येथे मुलगी आरशापुढे स्वतःच स्वतःला हुकूम सोडते, आणि ‘तिची आवड’ म्हणून आम्ही वडीलधारी मंडळी मोकळे होतो.