वारशाचे विश्वस्त

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंनी शेतात, जात्यावर, चुलीपाशी गाणी रचली. कितीतरी गाणी कुणी उतरून न घेतल्यामुळे कायमची हरवली. जी उरली ती मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी कागदावर घेतली म्हणून. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली.

ही हकिकत आपण आईच्या थोरवीसाठी सांगतो. मला त्यात मुलाचा संयमही मोठा वाटतो. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. आईची बोली प्रमाण मराठीत बसवणं, एखादी खडबडीत ओळ घासून सफाईदार करणं त्यांना अवघड नव्हतं. पण पुस्तक आलं ते खानदेशातल्या त्या बोलीतच. शिवाय या गाण्यांचं मोल ठरवण्याचं काम त्यांनी मायेवर न सोडता एका परखड वाचकाच्या हाती दिलं. आई-वडिलांच्या कलेला हात न लावणं आणि ती आपल्या हातून सोडणं, ही दोन्ही कामं वारसाला जमावी लागतात.

पहिलं अवघड, कारण आपल्याला आई-वडील निर्दोष दिसायला हवे असतात. मग खोडलेल्या ओळी, फसलेली चित्रं, अडचणीची पत्रं रद्दीत जातात. खरं तर कलावंत कसा घडला, हे त्या खोडाखोडीतच कळतं. दुसरं त्याहून अवघड. ट्रंकेत जपलेली वस्तू सुरक्षित आहे असं वाटतं. प्रत्यक्षात कागदाला वाळवी लागते, कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी येते. वडिलांच्या भजनांचं रेकॉर्डिंग वेळेवर संगणकावर घेतलं, त्याच्या प्रती चार जागी ठेवल्या, एखाद्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दिल्या, तरच ते टिकतं.

कायदाही हेच सुचवतो. लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्यावरचा हक्क भारतात त्याच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. पुढे ते साऱ्यांचं होतं. म्हणजे वारस हा मुदतीचा विश्वस्त.

या विश्वस्ताजवळ मात्र एक गोष्ट असते, जी कुठल्याही संग्रहालयाला विकत घेता येत नाही: माहिती. चित्रातली ती बाई कोण, पद कुठल्या गावच्या उत्सवासाठी रचलं, तबल्यावर कोण होतं. ही माहिती घरातल्या दोन-तीन माणसांच्या डोक्यात असते आणि त्यांच्याबरोबर जाते. म्हणून भव्य स्मारकाचा, स्मृतिपुरस्काराचा विचार नंतर करावा. आधी प्रत्येक फोटोमागे, प्रत्येक वहीवर नाव, गाव आणि साल लिहावं. लोकांना ती कला आवडेल की नाही, हे आपल्या हाती नाही. ती त्यांच्यापर्यंत पूर्ण आणि खरी पोचवणं, एवढं नक्कीच आहे.