आजचं चिंतन : गीता १७.१५ आणि फॉरवर्ड केलेला मेसेज



आज सतराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक वाचनात होता. वाणीचं तप. बोलणं दुसऱ्याला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं, असं भगवंत सांगतात. वाचताना सारखा एकच प्रश्न डोक्यात येत होता: फॉरवर्ड केलेला मेसेज हे माझं बोलणं धरायचं की नाही?

जून २०१८. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. बाइकवरून आलेले दोघं रस्त्यावरून मूल उचलून नेतात, असा व्हिडिओ मला आला आणि मी तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर कोडमधले बग शोधणारा माणूस मी, पण गाव कुठलं, तारीख कुठली, काही बघितलं नाही. नंतर कळलं, तो कराचीतल्या एका संस्थेचा जनजागृतीचा व्हिडिओ होता. ते दोघं मूल परत आणून सोडतात, तो शेवटच कुणीतरी कापलेला.

मला तो खरा वाटला म्हणून पाठवला का? प्रामाणिकपणे सांगायचं तर हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. पोटात भीती होती, ती चार जणांत वाटल्यावर हलकी झाली. वर 'सगळ्यांना सावध केलं' हे समाधान. खोटं पसरवताना मला चक्क पुण्य केल्यासारखं वाटत होतं!

द्रोणाचार्यांचं आठवा. अश्वत्थामा मेला हे भीमाकडून ऐकून त्यांना खरं वाटेना, म्हणून त्यांनी युधिष्ठिराला विचारलं. बातमी तीच, सांगणारा बदलला. ग्रुपवरच्या काकूंनी तरी व्हिडिओवर कुठे विश्वास ठेवला? माझ्यावर ठेवला. इंजिनियर मुलगा आहे, उगाच टाकणार नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. आपल्या दारात आले असते तर आपण पसाभर तांदूळ घातले असते. माझा व्हिडिओ तिथवर पोचला नसेलही, पण भीती तीच होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. कोडमध्ये एवढंच करता येतं.

त्या आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं, "मी टाकलेला व्हिडिओ खोटा होता, माफ करा." दोन अंगठे आले. रात्री तोच व्हिडिओ मावशीने मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "छकुलीला सांभाळ रे बाबा."