तिसरा व्ह्यू

भोसरीच्या एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये मोठ्या कंपनीचं ड्रॉइंग येतं, तेव्हा कुणीतरी खडू घेऊन फरशीवर, नाहीतर खोक्याच्या पुठ्ठ्यावर पुन्हा रेघा ओढायला बसतं. छापील ड्रॉइंगमध्ये जॉबचं, म्हणजे घडवायच्या वस्तूचं, अखेरचं रूप आणि मापं असतात. तो मशीनवर पकडायचा कसा, हे बहुधा ज्याचं त्याने शोधायचं असतं.

सुटा जॉब तीन दिशांना सरकतो आणि तीन अक्षांभोवती फिरतो. तळाशी तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक, मग क्लॅम्प. जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरचा हा 3-2-1 नियम टूलरूममध्ये पाठच असतो. तरी ओतीव, खडबडीत जॉबला ‘आधार जास्त बरा’ म्हणून तळाशी चौथा पक्का टेकू दिला जातो आणि जॉब डुलतो. बोलताना ‘इथे क्लॅम्प लावू’ एवढ्यावर भागतं. काढताना ‘इथे’ म्हणजे नेमकं कुठे, हे ठरवावंच लागतं. मग कटर क्लॅम्पला धडकतोय, चिप्स निघायला वाट नाही, पाना फिरवायला जागा नाही, हे एकेक समोर येतं. विचार रेघेबरोबरच पुढे सरकतो.

आयटीआयमध्ये वस्तूचे दोन व्ह्यू देऊन तिसरा काढायला लावतात, तो मला फार मोलाचा धडा वाटतो. तुटक रेघेमागचं भोक मनात उभं करावं लागतं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या गास्पार माँजने या विद्येला शास्त्राचं रूप दिलं. किल्ल्यांच्या बांधणीतली किचकट आकडेमोड त्याने रेघांनी सोडवली, आणि लष्कराने ती रीत कित्येक वर्षं गुपित ठेवली. आज चाकणच्या बसमधल्या ॲप्रेंटिसला ती शिकवलेली असते, आणि आपण तिच्याकडे पास होण्यापुरतं पाहतो.

संगणकावर तिसरा व्ह्यू क्षणात मिळतो. कारखान्याला ते हवंच. शिकणाऱ्याचा मात्र त्यात तोटा आहे. व्ह्यूंची मांडणी जर्मन ड्रॉइंगमध्ये सहसा फर्स्ट अँगलची असते, जपानीमध्ये थर्ड अँगलची. कोपऱ्यातलं शंकूचं चिन्ह नजरेतून सुटलं, तर भोक भलत्या बाजूला पडतं. मनात वस्तू फिरवून पाहायची सवय असलेल्याला हे ड्रिल लावण्याआधीच खटकतं.

टेल्को या वाहन कंपनीचा पुण्याचा कारखाना 1966चा, तिथलं पहिलं व्यावसायिक वाहन 1977चं. मधल्या काळात तिथे यंत्रं, डाय, फिक्स्चर घडवणारे हात तयार झाले. तेवढा धीर आज शिक्षणात हवा. शीट तपासताना रेघांची सफाई पाहतात. खोडलेल्या रेघाही पाहाव्यात. ‘हा टेकू इथून तिकडे का नेलास?’ असं मुलाला विचारावं, आणि त्या उत्तराला गुण द्यावेत.