हौसेचे कष्ट

सिंहगडाच्या पायथ्याशीं आतकरवाडी हें गांव आहे. तेथून गडावर जाणारी पायवाट लांबीनें तीन किलोमीटरांच्या आंतबाहेरच आहे. परंतु तेवढ्यांत ती सुमारें सहाशें मीटर चढून जाते. तीन वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका सकाळीं मी त्या वाटेनें धांवत चढण्याची खटपट करीत होतों. खटपट म्हणण्याचें कारण असें कीं, अर्ध्या चढणीवर मी एका दगडाला टेकून धापा टाकीत उभा होतों, तोंच डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेतलेली एक साठीच्या घरांतली बाई संथपणें मला ओलांडून पुढें गेली. चार पावलांवर ती वळली आणि म्हणाली, "दादा, कोन लागलंय मागं?"

"कोणी नाहीं, मावशी," मीं म्हटलें.

"मग पळता कशापायी?"

मला उत्तर सुचलें नाहीं, आणि तें ऐकण्यासाठीं तीही थांबली नाहीं. गिऱ्हाईक गडावर पोंचण्याच्या आधीं तिला पोंचावयाचें होतें.

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं. ज्या कष्टांवांचून आपलें कांहीं अडत नाहीं, ते कष्ट मनुष्यानें आपण होऊन अंगावर घ्यावे काय? घेतले तर त्यांत गौरव मानण्यासारखें कांहीं आहे काय? आणि त्याच वाटेवर दुसरें कोणी पोटासाठीं तेच कष्ट उपशीत असतां, आपली हौस ही एक प्रकारची थट्टा तर होत नाहीं ना? या तीनही शंका त्या तीन शब्दांच्या आंत बाहेर कोठें तरी दडलेल्या होत्या.

मी मूळचा धांवणारा नव्हे. चाळिशी उलटेपर्यंत माझें धांवणें बस गांठण्यापुरतेंच होतें. पुढें रक्तांतील साखरेचा एक आंकडा दाखवून डॉक्टरांनीं मला घराबाहेर काढलें, आणि मी तळजाईच्या टेकडीवर जाऊं लागलों. धांवणें म्हणजे जोरानें धांवणें, ही नवशिक्याची पहिली समजूत. तीच त्याची पहिली चूक. दोन मिनिटांत छाती फुटेल असें वाटे, आणि दुसऱ्या दिवशीं न जाण्यास एक चांगलें कारण सांपडे. अखेर टेकडीवरच्या एका वयस्क गृहस्थांनीं मला सांगितलें, "शेजाऱ्याशीं बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवा." मला तो अपमान वाटला, पण त्यांत शहाणपण होतें. मंद गतीनें धांवतांना श्वास पुरतो, आणि शरीर आपल्या सांठ्यांतील चरबी सावकाश खर्चून दीर्घकाळ चालतें. वेग वाढला कीं तें साखरेचा तुटपुंजा सांठा उधळूं लागतें. हळू धांवावयास शिकल्यावरच मला लांब धांवतां येऊं लागलें.

टेकडीवरून मी डोंगरांत कधीं शिरलों तें नक्की सांगतां येणार नाहीं. डांबरी रस्त्यावर एकच पाऊल हजारों वेळां टाकावयाचें असतें. डोंगरवाटेवर एका पावलासारखें दुसरें नसतें. श्रावणांत शेवाळलेला कातळ, कार्तिकांत घसाऱ्याचा उतार, आणि मोज्यांत शिरून दिवसभर टोंचणारीं कुसळें! उभ्या चढावर धांवण्याचा हट्ट येथें कोणी धरीत नाहीं. नामांकित धांवपटूही गुडघ्यांवर हात रोवून चालतात. खरी परीक्षा उतारावर. उतरतांना मांडीचे स्नायू ताणले जात असतांच शरीराचा भार पेलीत असतात. म्हणून त्यांचें दुखणें त्या दिवशीं नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जिना उतरतांना कळतें. अशा वाटेवर मन घरीं ठेवून जातां येत नाहीं. दृष्टि पुढच्या चार पावलांवर असावी लागते. ती जरा ढळली कीं मनुष्य आडवा होतो. कचेरीची काळजी, मुलाची परीक्षा, राहिलेला हप्ता हीं सर्व त्या चार पावलांच्या बाहेर राहतात. दोन तास असे गेल्यावर जी प्रसन्नता येते, तिच्यासाठीं मी पुनःपुन्हां डोंगरांत जाऊं लागलों. सुरुवात औषध म्हणून झाली होती. प्रेम कधीं जडलें तें कळलें नाहीं.

परंतु प्रेम जडलें म्हणजे प्रश्न सुटला असें होत नाहीं. माझ्या एका विद्वान् स्नेह्यांस मीं हें सर्व उत्साहानें सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, "ही पोट भरलेल्यांची तपश्चर्या! ज्यांना कष्ट चुकवितां आले, तेच आतां ते पैसे देऊन विकत घेत आहेत." हें वाक्य मला लागलें, कारण तें बरेंचसें खरें होतें. माझ्या बुटांच्या किंमतींत मावशींचीं किती मडकीं दही खपेल याचा हिशेब मीं एकदां मांडला, आणि अर्ध्यावरच सोडून दिला.

अशा वेळीं जीं उत्तरें दिलीं जातात तीं मला पटत नाहींत. आरोग्यासाठीं म्हणावें, तर रोज अर्धा तास झपझप चालणें पुरतें. त्याकरितां चार-चार तास डोंगर तुडविण्याचें कारण नाहीं. मनोनिग्रहासाठीं म्हणावें, तर चिकाटी हा गुण दरोडेखोरालाही लागतो. ती कशासाठीं वापरली यावर तिची किंमत ठरते. पराक्रम म्हणावा, तर तोही मोठा लहरी शब्द आहे. रायगडच्या हिरकणीची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या मुलासाठीं ती अवघड कडा उतरून गेली, आणि तिच्या नांवाचा बुरूज तेथें आजही दाखवितात. परंतु दुधाचीं भांडीं घेऊन हीच हिरकणी जी चढण रोज चढत असे, त्या चढणीवरच्या एकाही दगडास तिचें नांव मिळालें नाहीं. नित्याच्या कष्टांकडे पाहण्याची आपणांस संवय नाहीं. ते विलक्षण झाले म्हणजेच आपल्या डोळ्यांत भरतात.

कॅलिफोर्नियांत सिएरा नेवाडा पर्वतांतून शंभर मैलांची घोड्यांची एक शर्यत होत असे. अंतर चोवीस तासांच्या आंत तोडावें असा तिचा दंडक. १९७४ सालीं गॉर्डन एन्स्ले नांवाचा एक स्वार घोड्याशिवायच निघाला आणि २३ तास ४२ मिनिटांत पायीं पोंचला. डोंगरांतून शंभर मैल धांवण्याच्या आजच्या शर्यतींचा उगम पुष्कळदां या प्रसंगापाशीं दाखवितात. त्याचें कौतुक मलाही आहे. पण माझ्या स्नेह्यांनीं विचारलें असतें कीं, घोड्याचें काम मनुष्यानें हौसेनें केलें, यांत मनुष्याची काय प्रगति झाली? याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें.

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं मी कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या माथ्यावरून निघून डोंगरधारेनें सिंहगडास जाण्याचा बेत केला. हें अंतर पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे. पुण्याची तरुण मंडळी तें रात्रीच्या वेळीं चालून जातात. वाटेंत एकामागून एक टेकड्या लागतात. एक चढावी, आणि मिळविलेली उंची उतरून घालवावी, कीं दुसरी पुढें उभीच. गडावरील दूरदर्शनचा मनोरा फार दुरून दिसूं लागतो, आणि किती चाललें तरी जवळ येत नाहीं. पावसाळा सरला कीं धारेवर पाणी नाहीं. माझ्याजवळचें पाणी आठव्या कीं नवव्या टेकडीवर संपलें. मांड्या थरथरूं लागल्या. शहरांत असतों तर रिक्षा केली असती. येथें मागें फिरणें पुढें जाण्यापेक्षां लांबचें होतें. निवड मीं केली होती खरी, पण ती पहांटे. आतां निवडण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. फक्त चालावयाचें होतें. हौस गळून गेली, आणि तिच्याबरोबर हौसेचा अभिमानही गळून गेला. मनांत आलें, मावशी रोज अशीच चढत असेल. दुसऱ्याच क्षणीं त्या विचाराची मला लाज वाटली. संध्याकाळीं माझ्यासाठीं कढत पाणी तापणार होतें, आणि सोमवारीं बसावयास खुर्ची होती. एका दुपारच्या तहानेनें दुसऱ्याच्या आयुष्याचा अनुभव मिळत नाहीं.

गाडीरस्ता गांठून मी कसाबसा गडावर पोंचलों. मावशी आपल्या जागीं बसली होती. तिनें न विचारतां ताकाचा पेला पुढें केला. तो संपवून मी म्हणालों, "मावशी, तुमचे कष्ट काय असतात तें आज थोडें कळलें."

ती हंसली. "कसलं कष्ट वो? चढ पायाला ठावूक हाय. दही खपलं न्हाई आन् परत न्यावं लागलं, तर त्ये कष्ट." मग जरा थांबून म्हणाली, "आमी पोरी व्हतो तवा हितनं खाली पळायच्या पैजा लावायचो. मी कंदी हारले न्हाई."

"मग आतां कां पळत नाहीं?"

"आता? मडकी कोन सांभाळंल?"

या उत्तरानें माझा व माझ्या स्नेह्यांचा वाद एकदम निराळ्याच जागीं जाऊन पडला. आम्ही दोघांनींही एक गोष्ट न तपासतां गृहीत धरली होती. हौस ती आमच्याकडे, आणि कष्ट ते तिच्याकडे! तिच्या पायांनाही उताराची ओढ असेल, हें आमच्या ध्यानींमनीं नव्हतें. मी गौरवानें बोलत होतों, ते कणवेनें बोलत होते. तिचा अपमान मात्र दोघांनींही सारखाच केला होता.

वास्तविक जगांतील उदाहरणें हेंच सांगतात. मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी लोक पोटासाठीं आयुष्यभर डोंगर तुडवितात. तरीही लांकडी चेंडू पायानें उडवीत मैलच्या मैल धांवण्याच्या शर्यती ते आनंदानें लावतात. १९९३ सालीं अमेरिकेंतील लेडव्हिल येथें शंभर मैलांची डोंगरी शर्यत जिंकणारा व्हिक्टोरियानो चुरो हा त्यांतलाच, वयानें पंचावन्न वर्षांचा, आणि पायांत टायरच्या तळाच्या वहाणा घालणारा. इंग्लंडच्या सरोवरप्रदेशांतील जॉस नेलर हा मेंढ्या पाळणारा शेतकरी. दिवसभर मेंढ्यांमागें डोंगर चढावे हा त्याचा धंदा, आणि त्याच डोंगरांवर धांवावें हा त्याचा विसांवा. १९७५ सालीं त्यानें चोवीस तासांच्या आंत बहात्तर शिखरें पालथीं घातलीं. २०२४ सालीं तो वारला. कष्टकरी मनुष्याला खेळ परका असतो, ही आपण पांढरपेशांनीं करून घेतलेली सोयीची समजूत आहे.

मनुष्यामनुष्यांत हौस कमीअधिक वांटली गेलेली नाहीं. वांटली गेली आहे ती फुरसत. मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर, १० जून १८९० रोजीं. म्हणजे ज्या रविवारीं मी धांवतों, तो रविवारही कोणी तरी भांडून मिळवावा लागतो. आणि मावशीचा तर तोच दिवस सर्वांत अधिक ओझ्याचा, कारण आम्ही सारे गडावर जातों तो त्याच दिवशीं! तेव्हां हौसेखातर केलेल्या कष्टांत पाप नाहीं, तसें पुण्यही नाहीं. खेळास तपश्चर्या म्हणूं नये. तो सोडून दिल्यानें कोणाचें ओझें हलकें होत नाहीं. परंतु आपल्याला मिळालेली फुरसत ही आपली कमाईच आहे असें समजून जो धांवतो, तो कितीही मैल गेला तरी फारसा पुढें गेलेला नसतो. आपल्या विसांव्याचा भार कोणाच्या डोक्यावर आहे हें पाहावें, आणि तो उतरविण्यास जें आपल्या हातीं असेल तें करावें, एवढें कर्तव्य हौशी माणसाकडे उरतें.

त्या संध्याकाळीं माझ्या हातीं होतें तें फारच थोडें. रिकामीं मडकीं भरून मावशी उतरावयास निघाली, तेव्हां मीं पाटी मागितली. "फोडाल," म्हणून तिनें दोनदां नाकारली. तिसऱ्या वेळीं दिली. ती डोक्यावर धरून, दुखऱ्या मांड्यांनीं एकेक दगड चांचपीत मी उतरूं लागलों. मावशीनें पदर खोंचला. ती धांवली असें मी शपथेवर सांगणार नाहीं, कारण पहिल्याच वळणानंतर ती मला दिसली नाहीं.

खालीं पोंचलों तेव्हां अंधारत आलें होतें. ती पारावर बसली होती. मडकीं एकेक करून मोजीत म्हणाली, "लई उशीर केला दादा. आज खरंच कोन मागं लागलं न्हवतं वाटतं."