पक्षनिष्ठा आणि विवेकनिष्ठा

राजकारणात उतरलेल्या माणसाला पक्ष हवाच असतो. एकट्याच्या सद्भावनेने ना शाळा उभी राहते, ना मजुराचे वेतन वाढते. म्हणून पक्षाशी इमान राखणे हा दुर्गुण नव्हे. वाऱ्याची दिशा पाहून दर निवडणुकीला झेंडा बदलणाऱ्यापेक्षा आयुष्यभर एका पक्षासाठी झिजणारा साधा कार्यकर्ता आम्हांला अधिक आदरणीय वाटतो. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. दुबळ्यांसाठी झगडणारा म्हणून ज्या पक्षाचे आपण झालो, तोच पक्ष एके दिवशी आपल्या सदसद्विवेकबुद्धीला न पटणारी गोष्ट आपल्याकडून मागतो. अशा वेळी पक्ष सोडावा, विवेकाला गप्प बसवावे, की तिसरी एखादी वाट आहे?

अमेरिकेतील कॅथॉलिक समाजाला हा प्रश्न गेली पन्नास वर्षे छळीत आला आहे. आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेली ही कुटुंबे खाणींत, गोद्यांत आणि कारखान्यांत राबली. चर्च, कामगार संघटना आणि डेमोक्रॅटिक पक्ष हे त्यांच्या जीवनाचे जणू तीन खांब होते. २२ जानेवारी १९७३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' या खटल्यात गर्भपात हा स्त्रीचा घटनात्मक हक्क ठरविला. पुढे डेमोक्रॅटिक पक्ष या हक्काचा रक्षक झाला आणि हे खांब एकमेकांपासून दूर सरकू लागले.

न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी सप्टेंबर १९८४ मध्ये नोत्रदाम विद्यापीठात या पेचावर एक उत्तर मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चर्चची शिकवण मी स्वतः मानतो, परंतु अनेक धर्मांच्या समाजात, लोकांचे एकमत नसताना, ती कायद्याने इतरांवर लादणे मला योग्य वाटत नाही. हा युक्तिवाद हसून सोडून देण्यासारखा नाही. आपला धर्म दुसऱ्यावर लादला जाऊ नये, हे अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आम्हा भारतीय ख्रिस्ती लोकांना कोणी शिकवायला नको. तरीही एक शंका उरतेच. हेच कुओमो देहदंडाच्या विरोधात होते. त्यांच्या राज्यातील बहुसंख्य लोकांना देहदंड हवा असताना त्यांनी तो परत आणणारी विधेयके वर्षानुवर्षे नकाराधिकार वापरून परतवली. तेथे लोकांच्या एकमताची वाट त्यांनी पाहिली नाही. आम्हांला त्यांचा तो निर्धार फार मोठा वाटतो. आणि म्हणूनच विचारावेसे वाटते, की एका जिवासाठी सापडलेले धैर्य दुसऱ्या जिवासाठी का सापडू नये?

त्याच पक्षात दुसरे एक गव्हर्नर होते, पेन्सिल्वेनियाचे रॉबर्ट केसी. त्यांचे वडील बालपणी कोळशाच्या खाणीत राबलेले आणि पुढे वकील झालेले. केसी तीनदा हरले आणि १९८६ मध्ये निवडून आले. गर्भपातापूर्वी चोवीस तास थांबण्याची आणि अल्पवयीन मुलीसाठी पालकांच्या संमतीची अट घालणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली. १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन उमेदवार गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या होत्या. केसी दहा लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. तरीही जुलै १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांना बोलू दिले गेले नाही. त्यांनी क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केला नव्हता, असे कारण पक्षाच्या धुरीणांनी दिले. केसींना ते पटले नाही.

अपमान झाला म्हणून केसी विरोधी पक्षात गेले नाहीत. ते अखेरपर्यंत डेमोक्रॅटच राहिले. त्यांची धारणा अशी, की दुबळ्यांचे रक्षण हा आपल्या पक्षाचा मूळ धर्म आहे आणि न जन्मलेल्या बाळाहून दुबळे कोणी नाही. तेव्हा पक्षाला त्याच्याच धर्माची आठवण करून देणे ही खरी निष्ठा. विशेष म्हणजे त्यांची माया बाळ जन्माला येताच संपत नव्हती. १९९२ च्या अखेरीस त्यांनी राज्यातील गरजू मुलांसाठी आरोग्यविम्याचा कायदा केला. गर्भातल्या जिवाची काळजी वाहणाऱ्याने त्याच्या आईच्या चुलीची, औषधाची आणि एकाकीपणाचीही काळजी वाहिली पाहिजे. ज्या स्त्रीला घरच्यांनी टाकले, नवऱ्याने सोडले, तिच्यापुढे नुसती आज्ञा ठेवणे हा कोरडेपणा होय. केसींना हे उमगले होते.

आता दुसऱ्या बाजूचे पाहू. गर्भाच्या रक्षणासाठी म्हणून अनेक कॅथॉलिक रिपब्लिकन पक्षाकडे वळले. पण १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीच. पुढे त्यांचे मत पालटले. रो निकाल जून २०२२ मध्ये रद्द झाला आणि जुलै २०२४ मध्ये त्याच पक्षाने आपल्या जाहीरनाम्यातील गर्भरक्षणाची भाषा बरीच आखडती घेऊन विषय राज्यांवर सोपविला. जुलै २०२० ते जानेवारी २०२१ या काळात त्यांच्याच सरकारने तेरा कैद्यांना देहदंड दिला, तोही पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये देहदंड अस्वीकार्य ठरविल्यानंतर. केसींचे चिरंजीव बॉब केसी सिनेटर झाले. दीर्घकाळ ते स्वतःला गर्भरक्षणाच्या बाजूचे म्हणवीत. मे २०२२ मध्ये मात्र गर्भपाताच्या हक्काला देशव्यापी कायद्याचे संरक्षण देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. त्यांच्या अंतःकरणात काय घडले, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांला नाही. एवढेच दिसते, की पक्ष सरकत असतात. आणि ज्याने आपला विवेक पक्षाच्या खुंटीला बांधला, तो खुंटीबरोबर सरकतो.

मग मतदाराने काय करावे? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या 'जीवनाची सुवार्ता' या विश्वपत्रात एक विवेकी वाट दाखविली आहे. गर्भपाताचा कायदा पूर्णतः रद्द करणे शक्य नसेल, तर ज्याचा विरोध सर्वांना ठाऊक आहे अशा लोकप्रतिनिधीने त्याची हानी कमी करणाऱ्या प्रस्तावाला साथ द्यावी. तत्त्व सोडायचे नाही आणि शक्य तेवढे भले करणेही सोडायचे नाही, ही ती तिसरी वाट.

आमच्या देशात गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये, अमेरिकेतील त्या निकालाच्याही आधी झाला. २०२१ मध्ये त्याची मुदत काही स्त्रियांसाठी वीस आठवड्यांवरून चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. या प्रश्नावरून येथे पक्ष दुभंगले नाहीत आणि उमेदवाराला तो कोणी विचारतही नाही. म्हणून आपण कसोटीतून सुटलो असे मात्र नव्हे. पक्षासाठी गप्प बसण्याचे प्रसंग आपल्याही वाट्याला येतात : कधी गरिबाच्या जमिनीवरून, कधी शेजाऱ्यावरील अन्यायावरून, तर कधी आपल्याच माणसाच्या भ्रष्टाचारावरून.

वाचकहो, पुढच्या मतदानापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : माझ्या पक्षाला मी शेवटचे 'नाही' कधी म्हटले? उत्तर आठवत नसेल, तर एकतर आपला पक्ष निर्दोष आहे, किंवा आपला विवेक बराच काळ निजलेला आहे. निर्दोष पक्ष आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाही.