परडी

लाओसहून परतल्यावर फोटो मोजले. पाच आठवड्यांचे १,८०० च्या वर. त्यातले निम्म्याहून अधिक पहिल्या सहा दिवसांतले आणि शेवटच्या अख्ख्या आठवड्याचे २१. म्हणजे ज्या दिवसांत मला त्या देशातलं ओ की ठो कळत नव्हतं, नेमकं त्याच दिवसांचं बाड सर्वांत जाड.

हुआय साय ते लुआंग प्रबांग हा मेकाँगवरचा संथ बोटीचा प्रवास दोन दिवसांचा, मधे पाकबेंगला मुक्काम. बोट सुटली आणि माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावरून हलेना. धुकं, काठावर कपडे धुणाऱ्या बायका, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. कोकणात वाढलेल्या माणसानं म्हशींचे ४० फोटो काढावेत, याला काय म्हणावं? पाठीवर सॅक चढली की म्हैससुद्धा परदेशी होते.

लुआंग प्रबांगला पहाटे भिक्खू रांगेनं भिक्षेला निघतात. 'तक बात' म्हणतात त्याला. १९९५ साली हे गाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि आता अंतर राखा, फ्लॅश मारू नका, असं पाहुण्यांना सांगावं लागतं. मी शहाण्यासारखा रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो आणि त्या शहाणपणावर खूश होऊन ९० फोटो काढले. भगवी चीवरं, अनवाणी पावलं, गुडघे टेकून बसलेल्या बायका. खरं सांगायचं तर हा फोटो मी निघण्यापूर्वीच शंभरदा पाहिला होता. तिथे जाऊन फक्त ताडून पाहिला.

मराठीत आपण फोटो 'काढतो'. विहिरीतून पाणी काढावं तसा. पण कर्जही काढतात, आणि माझी त्या सहा दिवसांतली कमाई दुसऱ्या जातीची होती.

हात आखडला तो फोन्सावानला. तिथल्या पठारावर लोखंडयुगातले प्रचंड दगडी रांजण विखुरलेत. काही तीन मीटरपर्यंत उंच. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातल्या क्लस्टर बॉम्बमधून अंदाजे २७ कोटी छोटे गोळे पडले. सुमारे ३० टक्के फुटलेच नाहीत असं मानतात. लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात, जणू शेजारणीचं पोर. रांजणांच्या आवारात जमिनीत लहान खुणा बसवल्यात, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल. पांढऱ्या बाजूची जमीन खोलवर तपासलेली. लाल बाजूची फक्त वरवर.

एक रांजण फ्रेममध्ये मावेना, म्हणून सवयीनं एक पाऊल मागे घेतलं. दुसरं घेणार तोच वाटाड्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलला काहीच नाही, नुसतं खाली बोट दाखवलं. टाचेपासून वीतभर अंतरावर ती खूण होती. रांजण अर्धाच आला. तो फोटो बरा आहे, असं मला अजूनही वाटतं.

त्यानंतर कॅमेरा बरेचदा सॅकमध्येच राहू लागला. त्यात व्रत वगैरे काही नव्हतं. गोष्टी नवलाच्या राहिल्या नाहीत, एवढंच. नोंग खियावला जिथे उतरलो, तिथली बाई रात्री चिकट भात भिजत घालायची आणि उजाडण्याआधी बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवायची. चौथ्या दिवशी तिनं मला भात परतायला लावलं, आणि माझी फजिती पाहून घरातली पोरं हसली. त्याचा फोटो नाही. निघताना भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या झाकणाच्या परडीचा मात्र काढला.

घरी आईनं तेवढाच फोटो थांबून पाहिला. "ही कुणाची रे परडी?"

'तिप खाओ', मी सांगितलं. वाफवलेला भात त्यात ठेवतात, म्हणजे कोरडाही पडत नाही आणि घामेजतही नाही. पहाटे त्यातलाच चिमूटभर भिक्खूच्या पात्रात जातो.

सांगता सांगता थांबलो आणि लुआंग प्रबांगचे ९० फोटो पुन्हा उघडले, एकेक मोठा करत गेलो. परडी होती. जवळजवळ प्रत्येक बाईपुढे, भगव्या रंगाच्या खाली, जराशी धूसर.